धुराची साक्ष

जाम हे गावापेक्षा चौक म्हणूनच लोकांना जास्त माहीत आहे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले हे ठिकाण. नागपूरहून हैदराबादकडे निघालेला हमरस्ता इथून हिंगणघाटकडे जातो आणि एक फाटा वरोरा-चंद्रपूरकडे वळतो. पूर्वी हा वाराणसी-कन्याकुमारी असा ७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता. आता तो श्रीनगर-कन्याकुमारी या ४४ क्रमांकाच्या मार्गात सामील झाला आहे. नंबर बदलला, ट्रक मात्र तसेच वाहत राहिले. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा, हिंगणघाटचा कापूस, दक्षिणेकडून येणारा तांदूळ आणि उत्तरेकडून जाणारा सगळा संसार या चौकातून जातो. धाब्यावर चहा पीत अर्धा तास बसले की वर्ध्याची एमएच ३२, नागपूरची ३१, चंद्रपूरची ३४ आणि त्याखेरीज निम्म्या हिंदुस्थानच्या नंबरपाट्या वाचून होतात. चहावर काळी साय येते ती दुधाची नसते, हे इथल्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही.

प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या हाताशी, एक प्लास्टिकची थैली असते. आरसी, परमिट, फिटनेस, विमा, टॅक्सची पावती आणि पीयूसी. पहिल्या पाच कागदांना मालक जिवापाड जपतो. पीयूसी हा त्या घरातला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात दुर्लक्षित पोर. दीडशे रुपयांच्या आसपास फी, जुन्या गाडीला सहा महिन्यांची मुदत, नव्या प्रमाणकांच्या गाडीला वर्षाची. एवढ्याशा कागदाची कोणी नक्कल करील आणि त्यापायी तुरुंगाची वाट धरील, हे सांगूनही खरे वाटत नाही. पण नक्कल होते. ज्या दुकानात लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पावत्या तयार होतात, तिथल्या संगणकावर जुन्या पीयूसीवरची तारीख आणि गाडीचा नंबर बदलायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

मी हिंगणघाटला वकिली करतो. २०२२ च्या उन्हाळ्यात जामच्या बाजूची एक बाई माझ्याकडे आली. तिचा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर. रस्त्यावरच्या तपासणीत त्याने मालकाने दिलेली पीयूसी दाखवली. अधिकाऱ्याने मोबाईलवर क्रमांक टाकला, तर त्या क्रमांकाचे प्रमाणपत्र भलत्याच गाडीच्या नावावर निघाले. कागद जप्त झाला, पोराला ठाण्यात नेले आणि गुन्हा दाखल झाला. दोन रात्री तो कोठडीत होता. बाई मला म्हणाली, “वकील साब, मालक ने कागज दिया, इसने दिखा दिया. इसमें मेरे बच्चे का क्या गुनाह?” मी तिला कलमे समजावून सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गाड़ी धुआँ छोड़े तो जुर्माना, और कागज झूठा निकले तो सात साल? धुआँ बड़ा गुनाह है कि कागज?”

वकिलाला पक्षकार रोज प्रश्न विचारतात. त्यातले फार थोडे घरी घेऊन जावे लागतात. हा त्यातला एक.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडत असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९०(२) लागते. पूर्वी त्यात पहिल्या गुन्ह्याला १,००० रुपये आणि पुढच्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो १०,००० रुपयांपर्यंत नेला, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात नवी दंडरचना डिसेंबर २०२१ मध्ये आली. व्यवहारात मात्र यातली बहुतेक प्रकरणे तडजोड शुल्क भरून मिटतात. चलान फाटते, माणूस शिव्या देत पुढे जातो.

खोट्या कागदाची वाट वेगळी आहे. त्याच कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे, दाखवलेला कागद बनावट आहे असे मानायला कारण असेल तर पोलीस अधिकारी तो जप्त करू शकतो आणि तो तुझ्याकडे कसा आला, याचा जाब ड्रायव्हरला किंवा मालकाला विचारू शकतो. तिथून पुढे मोटार कायदा मागे राहतो आणि फौजदारी कायदा सुरू होतो. त्या पोराच्या वेळी १८६० ची भारतीय दंडसंहिता होती. साध्या बनावटीकरणाला कलम ४६५ खाली दोन वर्षांपर्यंत, फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीकरणाला ४६८ खाली सात वर्षांपर्यंत, फसवणुकीला ४२० खाली सात वर्षांपर्यंत कैद. बनावट कागद खरा म्हणून वापरणाऱ्याला ४७१ खाली, जणू त्यानेच तो बनवला आहे असे समजून शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. आता ३३६, ३१८(४) आणि ३४०(२) म्हणायचे. शिक्षेची मापे तीच राहिली. यातल्या सात वर्षांच्या कलमांना जामीन हा हक्क नाही, तो न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. रस्त्यावर पावती फाडून हे मिटत नाही.

म्हणजे बाईचा हिशेब बरोबर होता. कायद्याच्या तराजूत धूर हलका आणि कागद जड आहे. असे का?

याचे उत्तर मला दंडसंहितेच्याच एका कोपऱ्यात सापडले. जुन्या संहितेचे कलम १९७ आणि १९८, नव्या संहितेचे २३४ आणि २३५. कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र खोटे आहे हे माहीत असून जो ते देतो किंवा ज्याला ते खोटे ठाऊक असून जो खरे म्हणून वापरतो, त्याला खोटी साक्ष देणाऱ्याची शिक्षा. कायद्याने प्रमाणपत्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. नुसता धूर सोडणारी गाडी गुन्हेगार असते, पण ती काही बोलत नाही. तिच्या काचेआड खोटी पीयूसी ठेवली की ती बोलू लागते: मी स्वच्छ आहे, मला तपासले आहे, तुम्ही निश्चिंत श्वास घ्या. ही साक्ष कोणाविरुद्ध जाते? चौकात भजी तळणाऱ्या बाईविरुद्ध, धाब्यावर कपबशा विसळणाऱ्या पोराविरुद्ध, एसटीची वाट पाहणाऱ्या गरोदर सुनेविरुद्ध. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. खोटी साक्ष ही अशा धुराच्या बाजूने दिलेली असते.

आपल्याकडे खोटी गवाही मोठ्या गुनाहांत मोजली जाते, हे मदरशात न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. कुरआनातली ८३ वी सूरत तर मापात खोट करणाऱ्यांच्याच नावाने आहे. लहानपणी ऐकलेला बाजारातला तो प्रसंगही आठवतो. पैगंबरसाहेबांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. मग ओले वर का नाही ठेवले, एवढाच त्यांचा सवाल होता. पावसाचा दोष व्यापाऱ्यावर आला नाही, झाकण्याचा आला. इंजिन म्हातारे झाले हा ड्रायव्हरचा गुनाह नव्हे. त्यावर कोरडा कागद पसरणे हा आहे.

पण इथेच थांबलो तर त्या पोरावर अन्याय होईल. बनावट कागद वापरल्याचा गुन्हा सिद्ध व्हायला तो बनावट आहे हे वापरणाऱ्याला माहीत होते, किंवा तसे मानायला त्याच्याकडे कारण होते, हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. सातवी शिकलेल्या ड्रायव्हरच्या हातात मालक थैली देतो, तेव्हा त्याने कोणता कागद सोन्याचा आणि कोणता पितळेचा हे कसे ओळखावे? कागद बनवणारा दुकानात असतो, बनवून घेणारा ऑफिसात असतो, आणि दाखवणारा तेवढा चौकात असतो. कायद्याचा हात आधी चौकात पोहोचतो. पुढचे दोन दरवाजे ठोठावायला तपास लागतो, आणि तपासाला चिकाटी लागते.

त्या पोराचा खटला अजून तारखांवर आहे. दरम्यान त्याने ट्रक सोडला. त्याला सौदीला ड्रायव्हर म्हणून जायचे होते. पण फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नाकारता येतो. कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो, तोही बहुधा थोड्या मुदतीचा. दीडशे रुपयांच्या कागदाने एका घराची पाच-दहा वर्षांची उमेद अडवून धरली. ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही, पण सगळ्यात आधी हीच भोगावी लागते.

यापेक्षाही अवघड प्रकार दुसरा आहे: कागद खरा, धूर खोटा. केंद्र परवान्याचे, शिक्का अस्सल, क्यूआर कोड स्कॅन केला की नोंद सापडते. फक्त गाडी तिथे गेलेलीच नसते, किंवा नळी दुसऱ्याच गाडीच्या सायलेन्सरमध्ये घातलेली असते. याला बनावटीकरण म्हणता येईल का? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात एक बारीक रेघ ओढली. दस्तातला मजकूर खोटा असणे वेगळे आणि दस्तच खोटा असणे वेगळे. ज्याने आपल्याच नावाने, आपल्याच सहीने खोटे लिहिले, त्याने बनावट दस्त केला असे होत नाही. तो जमिनीच्या खरेदीखताचा वाद होता, पण पीयूसी केंद्रालाही ही रेघ लागू पडेल असे मला वाटते. त्याच्यावर फसवणुकीचे आणि खोट्या प्रमाणपत्राचे कलम लावावे लागेल. म्हणजे पुन्हा साक्षीशीच गाठ.

हा दुसरा प्रकार किती पसरलेला आहे, याचा अंदाज दिल्लीवरून येतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा दिल्लीच्या वाहनप्रदूषणावरचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यात २०१५ ते २०२० या काळातल्या नोंदी तपासल्या होत्या. मर्यादेपेक्षा जास्त विषारी वायू मोजले जाऊनही १.०८ लाख पेट्रोल-सीएनजी-एलपीजी वाहनांना पास केलेले आढळले. एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्याच्या ७,६४३ नोंदी निघाल्या. तिथे कोणी संगणकावर शिक्का रंगवला नव्हता. सगळे अस्सल होते.

आणि हा रोग काही आपल्या मातीतलाच नाही. जर्मनीत बर्लिन, कोलोन, हानोवर या शहरांत १ जानेवारी २००८ पासून ठरावीक भागांत शिरायला गाडीच्या काचेवर पर्यावरणाचा रंगीत स्टिकर लागू लागला. तो बनावट केला तर तिथेही तो वाहतुकीचा किरकोळ गुन्हा राहत नाही, दस्तऐवजाच्या बनावटीकरणात जाऊ शकतो. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच जर्मनीतल्या फोक्सवॅगनने काय केले, ते सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. गाडी तपासणीला उभी आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी प्रणाली कंपनीने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवली होती. भारतातही सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वसुलीला स्थगिती दिली. कंपनीच्या एका अधिकाऱ्याला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. बाईने उच्चारलेला आकडा मला तिथेही भेटला. फरक इतकाच की तिथे ती शिक्षा ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत पोहोचली.

जामहून गिरड फार लांब नाही, त्याच समुद्रपूर तालुक्यात आहे. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघांचीही तिथे जा-ये. टेकडीवर जायफळाएवढे गोल दगड पडलेले असतात. त्यांची कथा जुन्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. फिरत्या व्यापाऱ्यांनी अवलियाची टवाळी केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले. त्यांनी माफी मागितली, तेव्हा अवलियाने सुक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते कायमचे त्याच्या सेवेत राहिले. भूगर्भशास्त्र या दगडांबद्दल वेगळे सांगते, आणि मी ते मानतो. पण कथेत मला एक गोष्ट आवडते. शिक्षा झाली ती मालाला झाली, माणूस मोडला नाही. माफीनंतर त्याला पुन्हा धंद्याला भांडवल मिळाले. आपल्या कायद्यात माल पुढे निघून जातो, मालकही निघून जातो, आणि दगड होतो तो ड्रायव्हरचा.

एक गोष्ट आपल्या माणसांत बसून बोलायची आहे. महाराष्ट्राने बनावट सरकारी कागदाचा सगळ्यात मोठा खटला पाहिला तो अब्दुल करीम तेलगीचा. नोव्हेंबर २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला, २००६ आणि २००७ मध्ये त्याला लांब शिक्षा झाल्या, २०१७ मध्ये तो मेला. त्याच्या मुद्रांकांच्या धंद्यात सामील असल्याचे आरोप सगळ्या जातिधर्मांच्या माणसांवर झाले, पोलीस अधिकाऱ्यांवरही झाले. पण कोर्टाच्या आवारात थट्टेला उरले ते एकच नाव. पुढे कितीतरी वर्षे आपल्यातला एखादा मुद्रांक घ्यायला उभा राहिला, तरी मागून कोणीतरी “काय तेलगीसाहेब” म्हणायचे. आपण हसून घ्यायचो. म्हणून आपल्या पोराच्या हातात सापडलेला खोटा कागद हा नुसता त्याचा राहत नाही, याची धास्ती त्या आईच्या डोळ्यांत होती. ती धास्ती अन्यायाची आहे, पण आहे. तिच्यावर “आपल्याला मुद्दाम धरतात” एवढेच उत्तर देऊन मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही.

कारण धुराचा इलाज आपल्याच हातात आहे. या महामार्गावर नागपूरपासून आदिलाबादपर्यंत गॅरेजांतून फिरा. नोझल, पंप, रेडिएटर, वेल्डिंग, पंक्चर. कितीतरी पाट्यांवर आपलीच नावे दिसतील. चांगला उस्ताद सायलेन्सरकडे पाहून दुखणे सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: फिल्टर कोंबलेला, नोझल झिजलेली, किंवा गाडीवर माल बेसुमार. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंगा गेल्या. पांढरा धूर राहिला तर इंधन न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. तपासणीचे यंत्र तरी दुसरे काय करते? उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. जुन्या डिझेल गाडीला हार्ट्रिज मापाने ६५ पर्यंत माफी, बीएस-४ ला ५० पर्यंत. तपासणीपुरता पंपाचा स्क्रू आवळून नंतर सैल करून देणारे हातही आपल्यातच आहेत, आणि “पहिले नोझल बनवून घे, मग पीयूसीला जा” म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारेही. दुसऱ्याची रोजी त्या दिवशी थोडी कमी होते. पण हलाल रोजीचा अर्थ आपण फक्त ताटातल्या मांसापुरता ठेवला, तर या उस्तादाला आपल्याकडे नावच उरत नाही.

सरकार कागदाचे वजन वाढवत चालले आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असे सांगितले. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने ती अट काढली, कारण तिच्यापायी लाखो गाड्या विम्याविनाच रस्त्यावर राहत होत्या आणि अपघातात सापडलेल्यांची भरपाई अडत होती. २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी पीयूसी नाही तर इंधन नाही, असे धोरण जाहीर केले. कागदावाचून चाक हलत नाही असे झाले, की खोट्या कागदाची किंमतही वाढते. त्यामुळे थैली हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला मी आता दोन गोष्टी सांगतो. जून २०२१ पासून सगळ्या देशात पीयूसीचा नमुना एकच आहे आणि त्यावर क्यूआर कोड आहे. तो आधी आपल्या मोबाईलवर तपास, नंबर आपल्याच गाडीचा निघतो का पाहा, नसेल तर मालकाला तिथेच सांग. आणि गाडी नापास झाली, तर केंद्राकडून नापासाची पावती मागून घे. नव्या नियमात ती द्यावी लागते, तिच्यावर नापास होण्याचे कारण छापलेले असते. ती घेऊन गॅरेजला जा. पासाच्या खोट्या कागदापेक्षा नापासाचा खरा कागद घेऊन फिरणारा माणूस कोर्टात माझ्या कामाला लवकर येतो, आणि चौकातल्या लोकांच्याही.

मालक नोकरीवरून काढील, हे मला माहीत आहे. काहींना काढलेही आहे. त्या आईला मी तिच्या सवालाचे उत्तर दिले, की धूर आणि कागद वेगळे नाहीत, कागद हा धुराचा वकील आहे. ती म्हणाली, “तो फिर मालक को भी बुलाओ ना, साब.” तपासात त्या मालकाचे नाव आणावे, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर अजून सुनावणी व्हायची आहे.